दिवा नको, चाक बघ

"मामा, चूक त्याचीच होती," हे तू फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होतीस. होतीच. सिक्रीच्या पुढे ट्रॉला उजव्या लेनमधून रांगत चालला होता, तू डावीकडून पुढे काढलीस, आणि फॅक्टरीचं गेट दिसताच त्यानं ना दिवा ना हात, सरळ डावीकडे घेतला. तू साइडपट्टीवर उतरलीस म्हणून आरशावर भागलं. जिवावरचं शेपटावर निभावलं. नागपूरला आईला कळवलं नाहीस तेही ठीक. तिनं लगेच "गाडी विक, मेट्रोनं जा" सुरू केलं असतं, आणि मेट्रो बल्लभगडला संपते, पृथल्याला जात नाही, हे तिला पटवता पटवता तुझी सुट्टी संपली असती.

पण चूक कुणाची हा प्रश्न विमा कंपनीपुढे, पोलिसांपुढे, फार तर माझ्यापुढे. रस्त्यावर त्याला कुत्रं विचारत नाही. तुझी गाडी टनभराची. दोन एक्सलचा भरलेला ट्रक कायद्यानंच साडेअठरा टनांपर्यंत जातो, तीन एक्सलचा साडेअठ्ठावीस, ट्रॉला त्याच्याही बराच वर. 2018 साली केंद्रानं ही मर्यादा वाढवली. वाढवलेली तरी पाळतात का, ते वजनकाट्यावर उभं राहून मी बघितलंय, त्याबद्दल न बोललेलं बरं. तेव्हा बरोबर कोण ते घरी चहा पिताना ठरवू. रस्त्यावर तीनच गोष्टी कळायला हव्यात: त्याला काय दिसत नाही, त्याला काय जमत नाही, आणि तो कुठल्या घाईत आहे.

हे शहाणपण माझं नव्हे. नोकरीची बरीच वर्षं इथे कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये गेली. गेट, काटा, बिल्टी, ताडपत्री, रस्से, आणि दिवसभर ड्रायव्हर. त्यांत एक म्हातारे सरदारजी होते, दिल्ली-मुंबई लाइनवर उमर काढलेले. सगळं यार्ड त्यांना उस्ताद म्हणायचं. त्यांचा माल भरायला वेळ लागे आणि त्यांना बोलायला माणूस लागे. एके दुपारी त्यांनी मला ओढून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि खलाशाला म्हणाले, जा, गाडीभोवती फिर. खलाशी चांगला सहा फुटी. तो पुढच्या बंपरला पाठ टेकून उभा राहिला तर मला फक्त त्याच्या फेट्याचा वरचा पीळ दिसला. मग तो डाव्या दाराशी आला आणि वाकला, म्हणजे साधारण मोटारीच्या टपाएवढा झाला, तर गायबच. आरशात नाही, काचेतून नाही, मान लांब करून नाही. तिथून तो मागे मागे सरकत गेला आणि पार मागच्या चाकांपर्यंत पोचला तेव्हा आरशाच्या कडेला त्याचा खांदा उगवला. उस्ताद म्हणाले, आता कळलं, आम्ही डावीकडून जाणाऱ्यांना मुद्दाम दाबत नाही? आम्हाला ते नसतातच.

तर पहिली गोष्ट ही. डावी बाजू, तिला ते लोक कंडक्टर साइड म्हणतात, तिथे ट्रकच्या दाराच्या आसपास तू असलीस की तू नाहीस. पूर्वी त्या बाजूला खलाशी बसायचा, हात बाहेर काढून दारावर थापा मारायचा, ड्रायव्हरला ओरडून सांगायचा. हल्ली बऱ्याच गाड्यांवर खलाशी ठेवत नाहीत, पगार वाचतो. डावा डोळा काढून टाकलेला ट्रक आहे तो. त्याच्या आरशात तुला त्याचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस, ही खूण पक्की धर. तोंड दिसलं तरी तो बघतोय का मोबाईलवर बोलतोय, तेही बघ.

आता तू म्हणशील, मग मागेच राहू का? तो उजवी लेन अडवून चाळिसनं चालतोय, मागे हॉर्नचा गोंगाट, ऑफिसला उशीर. मला ठाऊक आहे. मथुरा रोडवर डावीकडून काढल्याशिवाय कुणाचं पोट भरत नाही. नियम पुस्तकात, ट्रॉला उजवीकडे. काढायचंच असेल तर असं काढ: आधी मागे रहा, इतकं मागे की त्याचे दोन्ही आरसे तुला दिसतील. पुढचा रस्ता बघ. डावीकडे गेट, पेट्रोल पंप, धाबा, कट, उड्डाणपुलाखाली उतरणारी सर्व्हिस लेन यांपैकी काहीही येत असेल तर थांब, तो वळणार असंच धर. काही नसेल तर डिपर दे, हॉर्न दे, आणि एका दमात पुढे जा. बरोबरीनं चालत राहू नकोस. ट्रकच्या शेजारी रेंगाळणं हा मोटारवाल्यांचा सगळ्यात वाईट छंद. मे-जूनच्या उन्हात रबर चढवलेले टायर फुटतात. रस्त्यावर काळ्या सालींसारखे तुकडे पडलेले दिसतात ना, ते त्याचेच. फुटताना ते तुकडे शेजारच्या गाडीवर येतात.

दुसरी गोष्ट, आणि यार्डात उस्ताद सगळ्यांना तेच सांगायचे: दिव्याकडे बघू नका, चाकाकडे बघा. इंडिकेटरची भाषा आपल्याकडे एक नाही. कुणी उजवा दिवा लावतो म्हणजे "मी उजवीकडे येतोय", कुणी लावतो म्हणजे "समोरून गाडी येतेय, थांब", आणि कुणाचा गेल्या वळणापासून तसाच टिकटिकत असतो. डाव्याचंही तेच: "जा पुढे" किंवा "मीच वळतोय". पुष्कळांचे दिवे बंदच. चाकाला लपवाछपवी जमत नाही. केबिन हलायच्या आधी पुढचं चाक वळतं. ट्रॉल्याच्या पुढच्या चाकाचे नट तुझ्या बाजूला जरा तिरके दिसले की समज, निर्णय झालाय. त्या क्षणी हॉर्न नंतर, ब्रेक आधी.

ट्रॉल्याचं आणखी एक. त्याला डावीकडे अरुंद गेटात शिरायचं असेल तर तो आधी उजवीकडे जातो. लांबी मोठी, मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, कोपरा कापून आतून येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अरे हा तर उजवीकडे निघाला, डावी मोकळी झाली. आणि बघणारा त्या मोकळ्या जागेत शिरतो. मग मागची चाकं येतात. सिक्री-पृथल्याच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना कारखाने, त्यामुळे हे रोज होतं. ट्रॉला विनाकारण उजवीकडे झुकला की कारण आहे असं समज आणि थांब.

त्याला न जमणारं आणखी एक म्हणजे पटकन थांबणं. त्याचे ब्रेक हवेवर चालतात. पाय दाबल्यावर हवा नळ्यांतून चाकांपर्यंत पोचायला क्षणभर जातो, आणि त्या क्षणभरात ट्रक कित्येक मीटर पुढे आलेला असतो. वर माल. म्हणून भरल्या ट्रकच्या पुढे शिरून लगेच ब्रेक लावणं म्हणजे स्वतःच्या मागे भिंत उभी करणं, तीही चालती. त्याच्या पुढे मोकळी जागा दिसते ती मोकळी नसते, ती त्यानं थांबण्यासाठी राखलेली असते. दिल्लीकर तीच बघून घुसतात.

तुझ्या पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, हे मीटरमध्ये मोजत बसू नकोस, चालत्या गाडीत कुणाला कळतं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात सावकाश "राम कृष्ण हरी" म्हण, दोनदा. दुसरं हरी म्हणेपर्यंत तू त्या खांबापाशी पोचायला नको. एवढ्यात तीनेक सेकंद जातात. ताशी ऐंशीला सेकंदाला बावीस मीटर होतात, म्हणजे साठ-पासष्ट मीटर मिळाले. पावसात चारदा म्हण. कुणी मध्ये शिरलं तर शिरू दे, पुन्हा पहिल्यापासून म्हण. देवाचं नाव होतं आणि बंपरही वाचतो.

आता तिसरी गोष्ट, घाईची. हा भाग मला जवळून माहीत आहे म्हणून जरा लांबवतो.

तू ज्या मथुरा रोडनं जातेस तो जुना राष्ट्रीय महामार्ग 2, आता 44. तुझ्या नागपुरातून वर्धा रोड म्हणून जातो तोच हा. 1607 साली जहांगीराचा खजिनदार शेख फरीद यानं फरीदाबाद वसवलं असं सांगतात, तेही दिल्ली-आग्रा रस्त्याची राखण व्हावी म्हणून. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज मथुरेकडून दिल्लीला गेली ती याच बाजूनं. रस्ता जुना, माल नवा. दिल्लीत दिवसा अवजड गाड्यांना प्रवेशबंदी असते, रात्री उघडते. त्यामुळे संध्याकाळपासून बदरपूरच्या अलीकडे गाड्या साचतात आणि वेळ झाली की सगळे एकदम सुटतात. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीत शिरणाऱ्या मालगाड्यांवर पर्यावरण शुल्क लावलं. 2018 मध्ये पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन्ही पेरिफेरल एक्सप्रेसवे पुरे झाले, इथले लोक त्यांना केजीपी आणि केएमपी म्हणतात, आणि दिल्लीशी काम नसलेल्या गाड्या बऱ्याच बाहेरून वळल्या. पण ते दोन्ही पलवलला येऊन मिळतात. तेव्हा ज्यांचा माल फरीदाबादचा, ते तिथून तुझ्याच रस्त्यावर येतात, मोकळ्या एक्सप्रेसवेचा वेग पायात घेऊन.

आणि त्यांतला प्रत्येक जण कुठेतरी थांबून आलेला असतो. आमच्या गेटवर गाडी सकाळी लागे, कागद दुपारी होत, माल संध्याकाळी भरला जाई, कधी दुसऱ्या दिवशी. त्या थांबण्याचे पैसे ड्रायव्हरला कुणी देत नसे. त्याला फेरीचे मिळत. मग गेटपास हातात पडला की दिवसभर उन्हात, केबिनच्या तव्यावर बसलेला माणूस रात्रभर चालवायला निघे. मोटार परिवहन कामगारांना दिवसाला आठ तासांची मर्यादा 1961च्या कायद्यानंच घातली होती. यार्डात तो कायदा कुणी वाचलेला मला भेटला नाही. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या गाड्यांना. रस्त्यावरच्या बाकी बहुतेक तशाच तापतात. हे सांगतोय ते तू त्याला माफ करावंस म्हणून नव्हे. झोपेत असलेला माणूस कसा ओळखायचा हे सांगायचंय. गाडी हळूहळू लेनच्या पट्टीवर जाते, मग झटक्यात मध्ये येते. पुन्हा जाते, पुन्हा झटका. वेग विनाकारण कमीजास्त. असा ट्रक पुढे असला तर त्याला ओलांडायचा मोह टाळ. पहिल्या पंपावर वळ, चहा घे, त्याला दहा किलोमीटर पुढे जाऊ दे. मागे असला तर तूच लेन सोड.

पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. विनायक मेटे गेले ते 14 ऑगस्ट 2022च्या पहाटे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर माडप बोगद्याजवळ, गाडी पुढच्या अवजड वाहनावर आदळून. पहाटे तीन ते सहा यांत मी कुठलंही निघणं ठेवत नाही, विमान सोडून. माझी आजी म्हणायची, उजेडात निघावं, उजेडात पोचावं. तिच्या वेळी बैलगाडी होती, पण वेळेचं तिचं बरोबरच होतं.

रात्रीचा ट्रक चालताना जेवढा धोक्याचा त्याहून उभा असताना. 2022च्या केंद्र सरकारच्या अहवालात त्या वर्षी देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेल्याची नोंद आहे, आणि अपघातांच्या प्रकारांत मागून धडक हा सगळ्यात मोठा. हरियाणात गाडी बिघडली की चाकाखाली धोंडे लावतात, मागे बाभळीची नाहीतर निंबाची फांदी खोचतात, झालं. लाल त्रिकोण ठेवायचा असतो, तो बहुतेकांच्या सीटखाली असतो. गाडी दुरुस्त झाली की फांदी फेकतात, धोंडे रस्त्यातच. तेव्हा रस्त्यावर पाला दिसला किंवा ओळीनं धोंडे दिसले की आधी पाय उचल, नंतर विचार कर. मोटार ट्रकच्या मागून आत घुसते तेव्हा तिचं बॉनेट खालून जातं आणि ट्रकची फळी काचेवर येते. एअरबॅग, मजबूत सांगाडा, पाच तारे, सगळं खाली राहतं. हे होऊ नये म्हणून ट्रकला मागे लोखंडी आडवा गार्ड सक्तीचा आहे. दिवसा बघ कधी सिग्नलला: कुणाचा वाकलेला, कुणाचा दोरीनं बांधलेला, कुणाचा नाहीच. त्यावरून ठरव कुणाच्या किती मागे राहायचं.

उसाच्या हंगामात पलवल साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. त्यांना मागे दिवा नसतो हे गृहीतच धर. भुशाच्या ट्रॉल्या तर दोन्ही बाजूंना फुगून लेनभर पसरलेल्या.

धुक्याचं तुला अजून कळायचंय, नागपूरला कुठलं आलंय असं धुकं. डिसेंबर-जानेवारीत इथे सकाळी स्वतःच्या बॉनेटचं टोक दिसत नाही. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादा खाली आणतात, लहान गाड्यांना 75, मोठ्यांना 60. तीही धुकं दाट असेल तर जास्तच. दिवा खालचा ठेव, वरचा लावला की समोर पांढरी भिंत. पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे धरून चालतात लोक, त्यांना वाटतं वाट दाखवतोय. तो खड्ड्यात गेला की हेही गेले. डाव्या कडेची पांढरी पट्टी धर. गाणी बंद, काच चार बोटं खाली, कारण धुक्यात कान डोळ्यांच्या आधी सांगतो. आणि काही दिसेनासं झालं तर रस्त्यातच थांबायचं नाही, दिवे लुकलुकवत तर नाहीच नाही. पंप किंवा धाबा गाठून पूर्ण आत जायचं. सगळ्यात सोपं म्हणजे ऑफिसला कळवून उन्हं वर आल्यावर निघ. साहेब कुरकुरला तर कुरकुरू दे.

गुरुग्रामला जायचं तर अरवलीतल्या पालीच्या रस्त्यानं. तिथे खडीचे क्रशर आहेत म्हणून डंपर. त्यांच्याबद्दल थोडक्यात: मागे राहू नकोस, खडी उडते, काच जाते. वाळूची ओली गाडी गेली असेल तर रस्त्यावर पाण्याची रेघ असते, त्यावर वळणात ब्रेक नको. आणि त्यांच्याशी भांडण तर कधीच नको. शेजारच्या नूह जिल्ह्यात 19 जुलै 2022ला खाणमाफियाचा डंपर थांबवायला गेलेल्या पोलीस उपअधीक्षकांच्या अंगावरच गाडी घातली. वर्दीतल्या माणसाची ही गत, तर आपण काच खाली करून काय बोलणार?

मागे कुणी बसलं असेल तर त्यालाही पट्टा लाव म्हण, मावशी असो की ऑफिसातली मैत्रीण. साडी चुरगळते वगैरे ऐकू नकोस. गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 रोजी दिल्लीत गेले ते मागच्या सीटवर होते. सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022ला पालघरमध्ये चारोटीजवळ गेले तेही मागेच, पट्ट्याविना.

आता झाल्यानंतरचं. तू त्या दिवशी ट्रॉल्याच्या मागे पाच किलोमीटर गेलीस, नंबर घ्यायला. पुढे असं करू नकोस. अंगावरून गेलेलं संकट तेव्हा जाणवत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी हात कापायला लागतात, आणि नेमकी तेव्हा तू ऐंशीनं चालवत असतेस. आधी गाडी रस्त्यावरून पूर्ण बाहेर, पंपावर. उतर. पाणी. काहीतरी गोड खा. चाकं बघ, खाली काही गळतंय का बघ. मग फोन. 112, किंवा महामार्गाचा 1033. कुणी जखमी असेल तर मदतीला थांब, घाबरू नकोस. 2019च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला पोलीस नाव-गाव द्यायची जबरदस्ती करू शकत नाहीत.

नंबर घ्यायला पाठलाग लागत नाही, कॅमेरा लाव. इथल्या ओला-उबरवाल्यांनीही लावलाय. कार्ड महिन्यातून एकदा पुसून घे, नाहीतर नेमकं हवं तेव्हा भरलेलं निघतं. एचआर-38 असेल तर गाडी फरीदाबादचीच, एचआर-55 गुरुग्रामची, यूपी-85 मथुरेची. एनएल-01 असेल तर नागालँडचं पासिंग, मालक मात्र इथेच ट्रान्सपोर्टनगरात कुठेतरी बसलेला. मागच्या फळीवर, फुलांच्या आणि नजर न लागो म्हणून टांगलेल्या जोड्याच्या मधोमध, बहुतेक वेळा मालकाचा मोबाईल नंबर लिहिलेला असतो. तो व्हिडिओत येतो. ड्रायव्हर पोलिसांना फारसा घाबरत नाही, ते त्याच्या हिशेबातच धरलेले असतात. मालकाला घाबरतो.

तर कॅमेऱ्यात नंबर सापडला की मालकाला फोन कर. शिव्या नाहीत, आवाज चढवायचा नाही, मुलीचा चढलेला आवाज ऐकला की ही माणसं फोनच ठेवतात. गाडीचा नंबर सांग, जागा सांग, वेळ सांग, व्हिडिओ आहे म्हणून सांग. मग एकच विचार: हा ड्रायव्हर स्टिअरिंगवर कधी बसला होता, आणि त्याआधी गाडी लोडिंगला किती तास उभी होती? तो टाळाटाळ करील. म्हणेल मॅडम, बच्चा है, नया है. मग नंबर मला पाठव. बिल्टी कुठली, माल कुणाचा, गेटपास किती वाजताचा, हे मला विचारता येतं.